प्रतिसाद: पडीक माळासाठी जुना ट्रॅक्टर, एचपीआधी क्लच बघा

दादा, माळ साफ करायला जुना ट्रॅक्टर मॅसी 1035 घ्यावा की स्वराज 735, असं तुम्ही विचारलंत. घाणेरी आणि बोरीची झुडपं पाच फुटी स्लॅशरने (ट्रॅक्टरमागे जोडायचं, फिरत्या पात्यांनी झुडपं कापणारं यंत्र) मारायला दोन्ही चालतील. पण वरच्या प्रतिसादांत सगळे एचपीवरच, म्हणजे इंजिनच्या ताकदीवरच बोलताहेत आणि क्लचचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून लिहितोय.

जुन्या ट्रॅक्टरांत बरेचसे सिंगल क्लचचे असतात. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण स्लॅशरची जड पाती फिरतच राहतात आणि तोच जोर पीटीओतून (मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणारा फिरता दांडा) उलटा गिअरबॉक्समध्ये येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. आमच्या बांधाजवळ मी क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून उभा होतो, तरी गाडी चार फूट सरकली. पुढे विहीर होती. तेव्हापासून फ्री-व्हीलवाल्या, म्हणजे पात्यांचा जोर उलटा येऊ न देणाऱ्या, पीटीओ शाफ्टशिवाय मी स्लॅशर जोडत नाही. ड्युअल क्लच मिळाला तर उत्तमच: अर्धा दाबला की चाकं थांबतात, पाती चालू राहतात, दाट जाळीत हे फार उपयोगी पडतं.

बघायला जाल तेव्हा पीटीओ शाफ्टचे दाते बोटाने चाचपा. कडा धारदार लागल्या तर झिजलेत असं समजा. लिफ्टवर (अवजार उचलणारे मागचे हात) वजन चढवून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा, खाली येतंय का बघा. रंग नवा असला तर किंमत वाढवू नका. रेडिएटरपुढे बारीक जाळी मात्र पहिल्याच दिवशी लावा, कुसळांनी तासाभरात इंजिन तापतं.