टिप टक्क्यांत मोजायची की काम बघून?

पाचपाखाडीची सून

गेल्या रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी झाली. आम्ही अकरा जण घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. वाढणारा मुलगा फार समजूतदार होता. कवळीमुळे सासऱ्यांना तंदुरी रोटी चावत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि आम्ही काही सांगायच्या आधीच त्याने आतून मऊ चपात्या करवून आणल्या.

बिल आलं ९,७०२ रुपये. जेवणाचे ८,४००, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ८४०, आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी ४६२. मी मॅनेजरला बोलावून सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला. थोडी कुरकुर झाली, मग ८,८२० चं नवं बिल आलं. ते भरलं आणि त्या मुलाच्या हातात मी ८०० रुपये ठेवले.

इथून वाद सुरू झाला. मोठे दीर म्हणाले, द्यायचेच होते तर काढायला कशाला लावलेस, उगाच चारचौघांत तमाशा. जाऊबाईंचं म्हणणं, शंभर खूप झाले असते. घर येईपर्यंत रिक्षात हाच विषय.

मला वाटतं ते असं. बिलात छापलेले ८४० कोणाच्या खिशात जातात ते मला दिसत नाही. हातात दिलेले दिसतात. बसून जेवलो आणि कोणी नीट वाढलं तर जीएसटी सोडून जेवणाच्या रकमेच्या दहा टक्के द्यावेत. पार्सल नेलं किंवा काउंटरवरून ताट स्वतः उचललं तर काही नाही. तुम्ही काय करता? आणि जे देत नाहीत, त्यांनी मोकळेपणाने कारण सांगावं.

कोपरीचा निवृत्त कामगार

ताई, मी न देणाऱ्यांपैकी. चाळीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये मशीनवर उभा राहिलो. माझ्या हातचा माल ज्यांनी वापरला त्यांनी कधी बक्षिसी दिली नाही आणि मला ती नकोच होती. मला पगार हवा होता. तो वाढवून घ्यायला आम्ही कंपनीच्या गेटवर उन्हात बसलो.

बसच्या कंडक्टरला आपण वर पैसे देतो का? औषधाच्या दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या पोराला देतो का? मग वेटरलाच का? कारण मालकाने त्याच्या पगाराचा एक तुकडा आपल्या मर्जीवर सोडून दिला आहे. गिऱ्हाईक खूश तर त्या पोराच्या घरी दूध, नाहीतर नाही. कष्टाचा मोबदला असा कोणाच्या मर्जीवर असू नये. तुम्ही ८०० दिलेत ते चांगल्या मनाने दिलेत, पण पोराला पगार कमी दिला तरी चालतो हे मालकाला त्यातूनच कळलं.

दुसरी गोष्ट. दर शनिवारी बायकोला घेऊन गोखले रोडला डोसा खायला जातो. ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरचं पेन्शन किती असतं ते कारखान्यातल्या कोणालाही विचारा. बडीशेप घेऊन उठताना आता पाठीवर नजर जाणवते. पैसे पूर्ण देऊनही चोरासारखं वाटावं, हा कसला रिवाज?

नेरूळ

काका, तत्त्व पटलं. पण मालकाला सुबुद्धी होईपर्यंत त्या वेटरच्या खोलीचं भाडं कोण भरणार? ते तर याच महिन्यात भरायचं असतं.

कळव्याचा माजी वेटर

सात वर्षं ठाण्यात वेटर होतो, आता घरून डबे पुरवतो. म्हणून आतली बाजू सांगतो.

आमच्याकडे गल्ल्याशेजारी टिपचा डबा असायचा. रात्री शटर अर्धं खाली आलं की कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम, तो उघडायचा. कॅप्टनला दोन हिस्से, वेटरला एक, पाणी देणाऱ्या आणि टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला अर्धा. फुटलेल्या ग्लासांचे पैसे त्याआधीच त्यातून काढलेले असायचे. आचाऱ्याला काही नाही. मोरीवर भांडी घासणाऱ्या दोन बायकांना तर नाहीच नाही. पुढे स्कॅनर आला. लोक बिलापेक्षा पन्नास रुपये जास्त टाकायचे आणि हसून सांगायचे, ते तुझे. पण स्कॅनर मालकाच्या खात्याचा. ते पन्नास आमच्यापर्यंत पोचलेले मी फार कमी वेळा पाहिले. महिनाअखेरीस कोण मागायला जाणार? म्हणून ताईंनी रोख आणि हातात दिले हे अगदी बरोबर केलं.

पण ताई, तुमचे दहा टक्के मला पटत नाहीत.

सुरुवातीला मी उडप्याच्या हॉटेलात होतो. सकाळी सात ते अकरा चार टेबलं सांभाळायची. वीस मिनिटांत माणसं उठणार, दुसरी बसणार. म्हणजे चार तासांत पन्नासच्या आसपास वेळा ऑर्डर, पाणी, सांबार, पुन्हा सांबार, चटणी, बिल. एकेक बिल दीडशे-दोनशेचं. टिप पाच रुपये, तीही नाणं. नंतर एसी रेस्टॉरंटमध्ये लागलो. तिथे रात्रभरात सहा-सात टेबलं, बिल चार-पाच हजारांचं, आणि एकाच टेबलवर चारशे रुपये सुटायचे. पाय सुजायचे ते उडप्याकडे. दहा टक्के हे पनीरच्या भावाचे टक्के झाले, माझ्या कामाचे नव्हेत.

मी स्वतः आता असं देतो. डोसा-चहाच्या ठिकाणी टक्के विसरून माणशी दहा रुपये, बिल कितीही होवो. मोठ्या हॉटेलात पाच टक्के पुरतात. मोठा घोळका असेल, लहान मुलांनी सांडलवंड केली असेल, तर त्याहून जास्त. आणि किचन बंद व्हायच्या वेळी येऊन तासभर बसलात तर हात सैल सोडाच. तुम्ही गप्पा मारत बसता तेव्हा आमची शेवटची बदलापूर गाडी निघून जाते आणि रात्र हॉटेलात दोन टेबलं जोडून काढावी लागते.

वाशीत छोटं रेस्टॉरंट चालवतो

मालकाला सगळ्यांनी बदडलं, आता माझंही ऐका. वरच्या भावांनीच सांगितलं की टिपच्या डब्यातून आचाऱ्याला आणि मोरीवाल्यांना काही मिळत नाही. सर्व्हिस चार्ज मी याच कारणासाठी लावत होतो. मेन्यू कार्डावर पहिल्याच पानावर छापलेला होता, आणि दर महिन्याच्या दहा तारखेला सतरा जणांत वाटायचो, भांडीवाल्या मावशींसह. कोणाला दोन हजार, कोणाला तीन. ज्याने वाढलं त्यालाच द्यायचं, ही तुमची टिप. मग ज्याने चपाती मऊ केली त्याचं काय? ताईंच्या सासऱ्यांची चपाती त्या मुलाने भाजली नव्हती.

पाचपाखाडीची सून

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. चपाती कोणी केली हे मी विचारलंसुद्धा नाही.

पण तुम्ही वाटलंत हे तुम्ही सांगता म्हणून मला कळलं. ज्या हॉटेलात मी बसले होते तिथे कोण वाटतं आणि किती, हे विचारल्यावर मॅनेजर नुसता हसला होता.

सीवूड्स, वकिली करते

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण इथे टिप आणि सर्व्हिस चार्ज एकत्र झालेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलाने सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि शेवटी २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सूचना योग्य ठरवल्या. ताईंच्या पहिल्या बिलात या सूचनांचा भंग दोनदा झालेला दिसतो. काढून द्यायला नकार मिळाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. स्वखुशीने टिप द्यायला मात्र कोणाचीही हरकत नाही.

काकांच्या मुद्द्यावरही एक जुना निकाल आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांचा खटला १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला होता. गिऱ्हाइकाने दिलेली टिप हे मालकाने दिलेलं वेतन नव्हे, असं तिथे ठरलं. तेव्हा 'पोरांना वर टिप मिळते की' हे पगार कमी द्यायचं कारण होऊ शकत नाही.

वाशीत छोटं रेस्टॉरंट चालवतो

दिल्लीच्या त्या निकालाविरुद्ध अपील झालेलं आहे, हेही लिहा. तरी मी चार्ज केव्हाच बंद केला. सतरा जणांचे ते दोन-तीन हजार गेले आणि टेबलवर पडणारी टिप काही वाढली नाही. ग्राहकाच्या हक्काचं सगळे बोलतात, पण त्या महिन्यात मावशींना हे मला समजवावं लागलं.

सीवूड्स, वकिली करते

मग पदार्थांचे दर वाढवा. दर किती ठेवायचे यावर त्या सूचनांत काही बंधन नाही, ते तुमच्याच हातात आहे. दोनशेची भाजी दोनशेवीसला करा आणि ते वीस मावशींच्या पगारात घाला.

वाशीत छोटं रेस्टॉरंट चालवतो

दोनशेवीस केली की गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जातं. तरी एप्रिलपासून थोडे वाढवतोय. बघू.

खारघर

मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलो. तिथे पंधरा-वीस टक्के दिल्याशिवाय उठता येत नाही, पण त्याला कारण आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळवणाऱ्या कामगारांसाठी किमान वेतनच वेगळं, तासाला २.१३ डॉलर, आणि ते १९९१ पासून तेवढंच आहे. काही राज्यांत जास्त आहे, पण पाया हाच. आपल्याकडे असा वेगळा कमी दर कायद्यात नाही. मग तिथले टक्के इथे कशाला आणायचे? हल्ली नवी मुंबईत पाम बीच रोडकडच्या काही ठिकाणी कार्ड मशीनवरच दहा, पंधरा, वीस असे पर्याय येतात आणि मुलगा समोर उभा असतो. 'नाही' दाबताना बोट अडखळतं. हा प्रकार मला मुळीच मान्य नाही. काकांना पाठीवरची नजर टोचते, मला हे मशीन टोचतं.

वर्तकनगर

मी पाकिटात दहाच्या नोटांची वेगळी घडी ठेवते. स्कॅनर आल्यापासून टिप आटण्याचं खरं कारण कंजूषपणा नसून सुट्टे नसणं हे आहे.

कळव्याचा माजी वेटर

वाशीच्या शेठ, तुम्ही वाटलंत हे खरं असेल तर तुमच्याकडे काम करणारे नशीबवान. मी जिथे होतो तिथेही सर्व्हिस चार्ज लावायचे. सात वर्षांत त्यातला एक रुपया आमच्या हातात आला नाही. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, तुमच्या जेवणाचा आणि राहण्याचा खर्च त्यातून जातो. राहण्याची जागा म्हणजे हॉटेलच्या वरचा पोटमाळा, नऊ जण.

पण मोरीवाल्यांचा मुद्दा तुमचा खरा आहे. एक-दोन कुटुंबं अशी यायची की निघताना आत डोकावून आचाऱ्याच्या हातात वेगळे शंभर द्यायची. आत जाता येत नसेल तर वेटरला मोठ्याने सांगा, यातले अर्धे आतल्यांना. सगळे ऐकत असले की सहसा पोचतात.

पाचपाखाडीची सून

दहा टक्क्यांवरचा माझा हट्ट मी सोडते. हॉटेलात काम बघून देईन आणि आतल्यांचे वेगळे देईन. उडप्याकडे माणशी दहा. सर्व्हिस चार्ज मात्र दिसला की काढायलाच लावणार, दिरांना आवडो न आवडो.

कोपरीचा निवृत्त कामगार

मी माझ्या जागीच आहे. टिपची सवय लागली की पगारासाठी कोणी गेटवर बसत नाही. पण सात वर्षांत एक रुपया नाही आणि पोटमाळ्यावर नऊ जण, हे वाचून झोप आली नाही. या शनिवारी गोखले रोडला जाऊ तेव्हा गल्ल्यावरच्या शेटला सरळ विचारणार आहे, आमच्या टेबलावरच्या पोराला पगार किती देता म्हणून.

कळव्याचा माजी वेटर

काका, असं करू नका. त्या पोरानेच तुमच्याकडे रडगाणं गायलं असं शेटला वाटेल आणि सोमवारी पोराला कामावरून काढलेलं असेल. विचारायचंच असेल तर तो गावी गेलेला असताना विचारा, आणि सगळ्यांचा पगार विचारा, त्याचं नाव न घेता.