जीएनएम नर्स आहे, जर्मनीला जायचंय, नोकरी आत्ताच सोडू का?

सोलापूरची_सिस्टर
मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, सोलापुरात एका प्रायव्हेट हॉस्पिटलात आयसीयूला आहे. मुलगी चार वर्षांची, मिस्टरांचं छोटं गॅरेज, घरात पगार माझाच जास्त. जर्मनीचं बरेच दिवस डोक्यात आहे. एक एजंट म्हणतो नोकरी सोडा, पुण्यात राहा, सहा महिन्यांत जर्मन भाषेची बी टू लेव्हल करून देतो, तीन लाख भरा. सासूबाई मुलीला सांभाळायला तयार आहेत. सुरुवात कुठून करू?

नाइटवाली
ताई राजीनामा अजिबात देऊ नका!! मी इथे श्टुटगार्टजवळ काम करते. आधी ए वनचा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या लेव्हलचा, ऑनलाइन बॅच लावा, नाइट करून झेपतं का ते तिथेच कळतं, आणि नाही झेपलं तर फीपुरतंच नुकसान. बी वनपर्यंत, म्हणजे बी टूच्या आधीच्या लेव्हलपर्यंत, नोकरी चालू ठेवूनच. गोएथे या जर्मन भाषेच्या संस्थेची बी वन, बी टू परीक्षा वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं अशा चार भागांत असते, प्रत्येकात 60 टक्के लागतात, एक राहिला तर तेवढाच परत देता येतो. पुण्यात मॅक्सम्युलर भवनला होते.

कागदवाला
भाषेसोबत कागद आत्ताच काढायला घ्या. मार्कशीट, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, अनुभवाचं पत्र, आणि कॉलेजकडून विषयवार थिअरी-प्रॅक्टिकलचे तास लिहिलेला ट्रान्सक्रिप्ट, यालाच कॉलेजं फार खेटे घालायला लावतात. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर ते आधी निस्तरा. तिकडचं ऑफिस तुमचं शिक्षण त्यांच्या कोर्सशी ताडून बघतं आणि काय कमी पडतं ते कळवतं, मग एकतर तिथे ट्रेनिंग नाहीतर परीक्षा. ते होईपर्यंत हेल्परचा पगार, हे एजंट सांगत नाहीत.

पश्या
तीन लाख कशाचे? क्लासची फी वेगळी, पण नोकरी लावून द्यायचे पैसे नर्सनी का द्यायचे? ट्रिपल विन म्हणून जर्मन सरकारी योजना आहे, केरळात नोर्का या तिथल्या सरकारी संस्थेतर्फे चालते, ते नर्सकडून घेत नाहीत. आणि करारात मध्येच सोडलं तर किती परत भरायचे ते बघितल्याशिवाय सही नको.

नाइटवाली
अजून एक, आपल्याकडे अंघोळ घालणं, भरवणं, पॅड बदलणं हे वॉर्डातल्या मावशी नाहीतर नातेवाईक करतात, इथे ते नर्सचंच काम. आयसीयूतून आलेल्या मुली यालाच वैतागतात, भाषेला नाही. सुट्टीच्या दिवशी मावशींबरोबर एक अख्खी शिफ्ट करून बघा, खरंच. आणि मुलीला लगेच नेता येईल असं धरू नका, पुरेसा पगार दाखवावा लागतो.

सोलापूरची_सिस्टर
मावशींचं काम कोविडमध्ये केलंय, त्याचं काही वाटत नाही. मुलीचं ऐकून मात्र पोटात गोळा आला, मिस्टरांशी आज बोलते. एजंटला ‘नको’ असं कळवलं. ए वनचा रात्री नऊनंतरचा बॅच कुणाला माहितीय का?