विहिरीवरून पाणी आणायला लोटायचे ड्रम घ्यावेत का? अनुभव असेल तर सांगा

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीतले 30,000 शिल्लक आहेत आणि ते पाण्यासाठी वापरायचे असं सगळ्यांचं ठरलंय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं गाव छोटा उदेपूरच्या पुढे, डोंगरात आहे, तिथली डंकी (हातपंप) बंद पडलीय आणि अख्खं फळिया (वस्ती) एकाच विहिरीवर पाणी भरतं. मी तो दक्षिण आफ्रिकेतला हिप्पो रोलर बघितला, आडवा ड्रम आणि त्याला दांडा, 90 लिटर पाणी एका खेपेत लोटत न्यायचं, डोक्यावर काहीच नाही. मला तर फार आवडला. तसे चार-पाच ड्रम घेऊन द्यावेत का? कोणी वापरलेत का आपल्याकडे?

मांजलपूरची_मृणाल:
दादा, थोडं थांबा. मी चार वर्षं त्याच पट्ट्यात एका संस्थेत होते. ड्रम वाईट नाहीये, सपाट मातीची वाट असेल आणि पाणी दोन-तीन किलोमीटरवर असेल तर वरदान आहे, पण डोंगरात 90 लिटर म्हणजे 90 किलोचं ओझं उतारावर आपल्याला ओढत नेतं आणि चढावर दोघी लागतात. क्यू ड्रम म्हणून 50 लिटरचा येतो, मधे भोक असलेला, दोरी घालून ओढायचा, तो जरा बरा पण दगडधोंड्यांत प्लॅस्टिक किती टिकणार. मी होते तिथे एकांनी असे ड्रम वाटले होते, सहा महिन्यांनी बघितलं तर निम्म्या घरांत त्यात मका भरून ठेवलेला. आणि मुख्य म्हणजे तो ड्रम भरायला विहिरीतून नऊ बादल्या ओढायच्याच आहेत ना? त्या कोण ओढणार? आधी जाऊन बघा की बायकांना जड काय जातं, चालणं की ओढणं.

दांडियाबाजारकर:
मृणालताई, रविवारी जाऊन आलो, तुम्ही म्हणालात तेच निघालं. विहीर घरांपासून पाच मिनिटांवर आहे, चालण्याचं काही नाही, पण पाणी 45 फूट खाली. वर एक जुनी लोखंडी गरेडी (आपली कप्पी), तिचा आवाज फळियाच्या टोकापर्यंत येतो, आणि एका बाजूला दोराने घासून बोटभर खाच पडलीय. एक बाई ओढत होती, साधारण सातव्या महिन्यातली असेल. अर्ध्यावर दम लागला तर तिने दोर पायाखाली दाबून धरला, पदर खोचला, दोन्ही तळवे लुगड्याला पुसले आणि मग पुन्हा ओढायला लागली. एका बादलीला असं दोनदा. पाय सरकला असता तर बादली गेली असती खाली आणि दोराने हात सोलून निघाले असते. बघवत नव्हतं हो.

निवृत्त_फिटर_मकरपुरा:
मग तुमचं उत्तर कप्पीतच आहे. वर टांगलेली एकटी कप्पी वजन कमी करत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते, आणि ती गंजलेली असली तर घर्षणाचा भार वरून आपल्याच हातावर. बेअरिंगवाली बसवा, बेअरिंग दोन्हीकडून बंद असलेलं घ्या म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, चाक जरा मोठं घ्या आणि खाच दोराच्या जाडीची हवी.
आणि तो दोर पायाखाली दाबण्याचा प्रकार, त्यावर आपल्या गुजरातमध्येच उपाय निघालाय. जुनागढ जिल्ह्यातले अमृतभाई अग्रावत, त्यांनी कप्पीला अडकण लावली, ओढताना दोर मोकळा येतो आणि हात सैल पडला की अडकण दोराला दाबून धरते, बादली आहे तिथेच लटकत राहते. बाईने खुशाल श्वास घ्यावा. गावोगावच्या साध्या माणसांचे शोध गोळा करणाऱ्या अहमदाबादच्या हनी बी नेटवर्कवाल्यांनी हे पुढे आणलं. इतकी साधी गोष्ट आहे की बघितल्यावर वाटतं इतकी वर्षं कोणालाच कशी सुचली नाही, आणि मला वाटतं याचं कारण एवढंच की कप्पी बनवणारे पुरुष आणि ओढणाऱ्या बायका.
अजून एक, कप्पीचा आडवा बार डोक्याच्या बराच वर घ्या आणि कठड्यापासून थोडा आत, म्हणजे बादली वाकून धरावी लागणार नाही. एकाच बारवर दोन कप्प्या बसतील, रांग निम्मी होईल. बार मी वेल्डिंग करून देतो, मजुरी नको.

रावपुरा_जुना_रहिवासी:
हे सगळं करा पण डंकीला विसरू नका. बऱ्याचदा बोर आटलेला नसतो, आतले वायसर गेलेले असतात, लोक समजतात पाणी संपलं. डंकी मार्क टू मॉडेलची असेल तर सगळे पाइप वर ओढावे लागतात, तिपाई लागते, मार्क थ्रीचा पाइप रुंद असतो म्हणून दट्ट्या एकटा वर येतो आणि गावातल्या गावात काम होतं. आपल्या मराठी माणसाला हे माहीत हवं की देशभर दिसणारी ही मार्क टू 1970च्या दशकात सोलापूर पंपावरून बनली, आणि त्याआधीचा जालना पंप, म्हणजे दोन्ही मुळं आपल्याकडची. गावच्या पाणी समितीला विचारा, दुरुस्ती त्यांच्यामार्फत झाली तर पुढेही कोणीतरी बघेल.

दांडियाबाजारकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रम रद्द. अडकणवाल्या दोन कप्प्या, उंच बार, नवा दोर, आणि उरतील त्यात डंकी उघडून बघायची, समितीतल्या एका भाईंशी फोनवर बोलणं झालंय. काल मावशींना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, साहेब ते करा पण विहिरीपाशी कमरेएवढा ओटा पण बांधून द्या. भरलेला हंडा जमिनीवरून एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरी कोणीतरी हात द्यायला लागते, दुपारी कोणी नसलं तर हंडा भरून तशीच वाट बघत बसायचं. ओट्यावर ठेवला की चुंबळ डोक्यावर, जरा वाकायचं आणि हंडा सरकवून घ्यायचा, झालं. आपण इतके जण बोललो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. विटा आणि सिमेंट तिथेच मिळेल. होळीला बाहेर मजुरीला गेलेले सगळे गावी परततात, तेव्हा बसवायचं ठरलंय. मकरपुऱ्याचे काका, तुमचा नंबर मेसेज करा, बारचं माप घेऊन आलोय.