आईच्या छोट्या खोलीसाठी टीव्ही: २४ की ३२ इंची, आणि फुल एचडी खरंच लागतं का?

रानवाट:
नमस्कार मंडळी, आईच्या खोलीसाठी छोटा टीव्ही घ्यायचाय. खोली लहान आहे, पलंगापासून समोरच्या भिंतीपर्यंत जेमतेम साडेपाच फूट. भिंतीत कोनाडा आहे ८० सेंमी रुंद, तिथेच टेबलटॉप ठेवायचा विचार आहे. अडचण अशी की आई समोर बसून फार कमी बघते, बहुतेक वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत असते, म्हणजे तिथून टीव्ही चांगलाच तिरका दिसणार. शिवाय तिला ऐकायला थोडं कमी येतं. मी ३२ इंची धरून चाललेय पण बघायला गेलं की एचडी रेडी, फुल एचडी, क्यूएलईडी, एचडीआर असलं इतकं काही लिहिलेलं असतं की नक्की कशाकडे बघायचं तेच कळेना. कधीतरी मी माझा लॅपटॉपही जोडेन. कोणी नीट समजावून सांगेल का?

पाऊलखूण:
आधी मापाचं बघू. ३२ इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, त्यामुळे रुंदीला स्क्रीन साधारण ७१ सेंमी आणि उंचीला ४० सेंमी. चौकट धरून ७२-७३ होते, म्हणजे तुमच्या कोनाड्यात बसेल, फक्त कोनाडा आत किती खोल आहे तेही मोजा कारण पाय पुढेमागे बरेच बाहेर येतात. २४ इंची जेमतेम ५३ सेंमी रुंद असतो, साडेपाच फुटांवरून बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं वाचताना त्रास होईल, तेव्हा ३२ बरोबर आहे.

आता रेझोल्युशन. एचडी रेडी म्हणजे १३६६ × ७६८ ठिपके, फुल एचडी १९२० × १०८०. ३२ इंची एचडी रेडीमधे एकेक ठिपका अर्ध्या मिमीचा असतो आणि चांगल्या नजरेला तो साधारण पावणेसहा-सहा फुटांपर्यंत जाणवू शकतो, फुल एचडीचा चार-सव्वाचार फुटांच्या पुढे जाणवत नाही. तुम्ही साडेपाचवर आहात म्हणजे अगदी सीमेवर. नुसते चॅनेल बघायचे असतील तर एचडी रेडी चालून जाईल असं माझं मत. ४के मात्र या मापात शोधत बसू नका, डोळ्याला फरक दिसणार नाही.

तळ्याकाठी:
पाऊलखूण, मापाचं पटलं पण एचडी रेडी चालेल हे नाही पटलं, त्या लॅपटॉप जोडणार म्हणतायत ना. लॅपटॉपकडून येणारं १०८०चं चित्र ७६८ ओळींत कोंबलं की अक्षरांच्या कडा फिसकटतात, सिनेमात ते चालून जातं पण वाचायला बसलं की डोळे दुखतात. फुल एचडीच घ्या.

पण रानवाट, तुमच्या बाबतीत याहून मोठा प्रश्न तिरकं बघण्याचा आहे आणि त्याबद्दल खोक्यावर काही लिहिलेलं नसतं. एलईडी टीव्ही म्हणतात तो मुळात एलसीडीच, मागे दिवे एलईडीचे एवढंच. त्या एलसीडीत मुख्य दोन जाती, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमधे काळा रंग छान गडद येतो, अंधारात सिनेमा बघणाऱ्याला तोच आवडतो, पण बाजूला सरकलात की रंग धुतल्यासारखे फिके पडतात. आयपीएसमधे काळा थोडा राखाडी वाटतो पण तिरक्या बाजूनेही चेहऱ्यांचे रंग बऱ्यापैकी तेच राहतात. आई खुर्चीतून बघणार, दिवसा खिडकीतून उजेड येणार, मग गडद काळ्याचा उपयोग काय? आयपीएस बघा. एकाच मॉडेलमधे कधी कधी दोन्ही जातींची पॅनेल (म्हणजे पडदे) येतात त्यामुळे नेटवरच्या माहितीवर विसंबू नका, दुकानात प्रत्यक्ष बघा. पेनड्राइव्हवर माणसांचे चेहरे असलेली एखादी क्लिप न्या, ती लावायला सांगा आणि आई जिथून बघणार तेवढं बाजूला जाऊन उभ्या रहा, उंचीपण खुर्चीत बसल्यासारखी ठेवा कारण काही स्वस्त पॅनेल वरून-खालून जास्त बिघडतात. लगेच कळतं.

एचडीआर (चित्रातले उजळ भाग जास्त उजळ दाखवायचं तंत्र) बद्दल: या मापाचे बरेचसे टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतात पण तेवढा प्रकाश पाडण्याची ताकद पॅनेलमधे नसते, त्यामुळे त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. क्यूएलईडीने, म्हणजे क्वांटम डॉटचा जास्तीचा थर असलेल्या पॅनेलने, रंग खुलतात, पण तोही एलसीडीच, तिरकं बघण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

रानवाट:
अरे वा, खूपच उपयोगी, खुर्चीच्या उंचीचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच आला नसता. म्हणजे फुल एचडी नक्की. आवाजाचं काय करू? साउंडबार ठेवायला कोनाड्यात जागा उरेल असं वाटत नाही. आणि स्मार्ट टीव्ही घ्यावा की साधा? आईला रिमोटवर फार बटणं नकोत.

सुखदा_के:
माझ्या सासऱ्यांनाही कमी ऐकू येतं म्हणून आवाजाबद्दल लिहिते. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुतेक खालच्या बाजूला तोंड करून असतात, कोनाड्यात ठेवला की आवाज आधी फळीवर आदळतो आणि घुमतो, मग बोलणं कळत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि घुमणं अजून वाढतं. वॅट किती लिहिलेत त्यावर जाऊ नका, सेटिंगमधे आवाज स्पष्ट करणारा मोड आहे का ते बघा, बातम्या किंवा संवाद अशा नावाने असतो, त्यात खर्ज कमी होऊन बोलणं पुढे येतं. याहून चांगलं म्हणजे एक छोटा स्पीकर आईंच्या खुर्चीशेजारी ठेवायचा, जवळून ऐकलं की आवाज मोठा करावाच लागत नाही. त्यासाठी टीव्हीला हेडफोनचं भोक किंवा ब्लूटूथ आहे का ते आधी बघून घ्या, नवीन टीव्हींत हेडफोनचं भोक पुष्कळदा काढून टाकलेलं असतं. आणि हे जरूर विचारा की हेडफोन लावल्यावर टीव्हीचा स्वतःचा आवाज चालू राहतो का, कारण बऱ्याच सेटवर तो बंद होतो, मग आई हेडफोन लावून बसल्या की बाकीच्यांना मुकाट बघावं लागतं. ब्लूटूथमधे ओठ आणि आवाज मागेपुढे होऊ शकतात, त्याची वेळ जुळवायची सोय सेटिंगमधे असेल तर उत्तम.

पाऊलखूण:
लॅपटॉपबद्दल तळ्याकाठी म्हणतात ते बरोबर, फुल एचडीच योग्य. जोडल्यावर चित्राच्या कडा कापल्यासारख्या दिसल्या तर घाबरू नका, टीव्ही चित्र किंचित मोठं करून दाखवतो, आस्पेक्टमधे जाऊन स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन करा. इनपुटला पीसी असं नाव देता आलं तर तेही करा, अक्षरं सुधारतात.

स्मार्टचं म्हणाल तर छोट्या टीव्हींत प्रोसेसर आणि मेमरी बेताचीच घालतात, पॅनेल पुढे कितीतरी वर्षं चांगलं असतं पण अ‍ॅप आधी रखडायला लागतात. म्हणून पॅनेल आणि एचडीएमआय पोर्ट बघून टीव्ही निवडा, स्मार्ट असला तर असू दे, पुढे संथ झाला तर बाहेरून अ‍ॅप चालवणारी स्टिक एचडीएमआयला लावता येते. पोर्ट निदान दोन हवेत, आणि तोंड बाजूला असलेले हवेत, थेट मागे असले तर कोनाड्यात केबल भिंतीला टेकून वाकते. रिमोटसाठी सेटिंगमधे सीईसी (एचडीएमआय केबलमधून एका उपकरणाने दुसऱ्याला इशारा द्यायची सोय) चालू करून ठेवा, मग सेटटॉप बॉक्स आणि टीव्ही दोघांनाही ते जमत असेल तर एकाच बटणाने दोन्ही चालू-बंद होतील, आईंना दोन रिमोट हाताळायला नकोत.

तळ्याकाठी:
आणि घरी आणल्यावर पिक्चर मोड व्हिविडवर असेल तर सिनेमावर न्या, शार्पनेस बराच खाली आणा. दिवसा फिकं वाटलं तर बॅकलाइट वाढवा, कॉन्ट्रास्ट नको. खिडकी टीव्हीच्या अगदी समोर येते का हो? तसं असेल तर चकचकीत काचेसारखा स्क्रीन टाळा, मॅट घ्या.

रानवाट:
समोर नाही, बाजूला आहे, पण दुपारी ऊन थेट कोनाड्यापर्यंत येतं. मॅटच बघते. शनिवारी आईलाच घेऊन जाते दुकानात, खुर्चीत बसवून तिच्याच डोळ्यांनी बघू दे.