मदत हवी आहे: फायबर 'उपलब्ध' दाखवते, पैसे भरून ४१ दिवस झाले, घरातल्या यंत्रावर अजून लाल दिवा

नीरजा_डोंबिवली

डोंबिवली पूर्वेला सात मजली सोसायटी, घर चौथ्या मजल्यावर. कंपनीच्या ॲपवर पत्ता टाकला की 'सेवा उपलब्ध' असे येते. नोंदणी केली, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले, त्याला ४१ दिवस झाले.

पहिल्या भेटीत माणसे, जिथून घरोघरी वायरी जातात तो तळमजल्यावरचा डबा उघडून "पोर्ट फुल आहे" म्हणून परत गेली. दुसऱ्या भेटीत "डक्ट जाम आहे, सोसायटीचे पत्र आणा". पत्र मिळाले. तिसऱ्या भेटीत वायर वर आली, ओएनटी (फायबर घरात जिथे जोडतात ते यंत्र) भिंतीवर बसला, पण एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लुकलुकतोय. "वरून काम बाकी आहे, उद्या लागेल" असे सांगून गेले, त्याला ९ दिवस झाले. मधल्या काळात तक्रार तीनदा 'निराकरण झाले' म्हणून बंद केली गेली.

घरून काम करायचे आहे, त्यामुळे हे लवकर मार्गी लागणे गरजेचे आहे. लाल दिव्याचा नेमका अर्थ काय, पुढच्या भेटीत त्यांच्याकडून काय करून घ्यायचे, आणि तक्रार बंद होऊ नये म्हणून काय करावे?

तारवाला

नीरजाताई, "वरून काम बाकी आहे" हे उत्तर स्वीकारू नका. एलओएस लाल म्हणजे तुमच्या ओएनटीपर्यंत पुरेसा प्रकाशच पोचत नाही. 'वरून' करायचे काम, म्हणजे कंपनीच्या यंत्रणेत तुमचा ओएनटी चढवणे, त्याच्या नंतरचे. ते बाकी असते तर लाल दिवा विझला असता आणि पॉन लिहिलेला हिरवा दिवा लुकलुकत राहिला असता. पॉन स्थिर हिरवा आणि फक्त इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल असेल तर युजरनेम, पासवर्ड किंवा व्हीलॅन आयडीची (कंपनीने जोडणीला दिलेल्या क्रमांकाची) चूक. तीन दिवे, तीन वेगळे दोष, आणि ते दुरुस्त करणारी माणसेही वेगळी. तुमचा दोष वायरीत आहे आणि तो इमारतीत उभ्या असलेल्या माणसानेच काढायचा आहे.

पुढच्या भेटीत ऑप्टिकल पॉवर मीटर घेऊन यायला सांगा. मीटर १४९० नॅनोमीटरवर ठेवून दोन जागी रीडिंग घ्यायचे: तळमजल्यावरच्या डब्यात तुमच्या पोर्टवर, आणि घरी ओएनटीत जाणाऱ्या टोकावर. दोन्हींचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये घ्या.

आकडे उणे असतात. घरी −१५ ते −२४ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचे एकक) आले तर उत्तम. नेहमीच्या बी-प्लस वर्गातल्या ओएनटीची मर्यादा −२७. त्याच्या जवळपास आले तर आज चालेल आणि पावसात किंवा सांधा थोडा हलला की बंद पडेल. −२५ च्या खालचे रीडिंग "चालतंय ना" म्हणून मान्य करू नका.

ओळंबा

वरच्यात भर. दोन रीडिंगमधला फरक हाच खरा पुरावा. काचेच्या तंतूत १ किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल जातात. तुमच्या इमारतीत डब्यापासून घरापर्यंत फार तर ५०-६० मीटर वायर असेल, म्हणजे तंतूमुळे होणारी घट ०.०२. प्रत्येक कनेक्टरचे ०.३ ते ०.५ धरा, फ्यूजन स्प्लायसिंगचे (तंतू वितळवून केलेल्या सांध्याचे) ०.१ किंवा कमी. सगळे मिळून दीड डेसिबलच्या आत बसले पाहिजे. त्याहून जास्त फरक असेल तर कुठेतरी वायर मोडली आहे, दुमडली आहे किंवा कनेक्टर चुकीचा आहे.

डब्यातच रीडिंग पडलेले असेल तर मात्र दोष मागच्या बाजूला. स्प्लिटर प्रकाश वाटून देतो, त्यामुळे त्यात घट होणारच: १:८ ला सुमारे १०.५ डेसिबल, १:३२ ला सुमारे १७, १:६४ ला २० ते २१. एक्स्चेंजमधून +३ डीबीएम निघाला, दोन-तीन किलोमीटर आला आणि १:६४ झाला, तरी डब्यात −२० च्या आसपास मिळायला हवा. तिथेच −२७ असेल तर तुमच्या घरातली वायर दहा वेळा बदलूनही काही होणार नाही. अशा वेळी तंत्रज्ञाला घरात वेळ घालवू देऊ नका, डब्याच्या रीडिंगचा फोटो तक्रारीला जोडून लाइन टीम मागवा.

नीरजा_डोंबिवली

आज मीटर आणून रीडिंग घेतले. डब्यात −१९.२, घरी −३१.४. "वायर खराब असेल, नवीन ड्रॉप (डब्यापासून घरापर्यंतची वायर) आल्यावर टाकू, चार-पाच दिवस लागतील" म्हणाले. थांबावे का?

ओएनटीच्या मागचे भोक हिरवे आहे, त्यात लावलेली पिन निळी आहे. याने काही फरक पडतो का?

तारवाला

पडतो, आणि बराच पडतो. हिरवा म्हणजे एससी-एपीसी, त्याचे टोक ८ अंशात तिरके घासलेले असते. निळा म्हणजे एससी-यूपीसी, टोक सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण टोके टेकत नाहीत, मध्ये हवेची फट राहते आणि तिथेच तीन-चार डेसिबल किंवा त्याहून जास्त जातात. शिवाय तिरके टोक घासून खराब होऊ शकते, म्हणून तिथे नवीन हिरवी पिन लावण्याआधी ओएनटीचे भोक साफ करून तपासायला सांगा.

पण तुमच्याकडे १२ डेसिबल गायब आहेत. निळ्या पिनेने ते सगळे जाणार नाहीत. बाकीची घट बहुधा शाफ्टमध्ये वायर दुमडल्याने होत असेल. यासाठी लाल लेसरची पेन मिळते, तंत्रज्ञ तिला व्हीएफएल म्हणतात. घरच्या टोकातून लाल प्रकाश सोडायचा. जिथे तंतू तुटला किंवा फार दुमडला असेल तिथे वायरीच्या आवरणातून लाल ठिपका चमकतो. काळ्या जाड आवरणातून तो दिसत नाही, पण पांढऱ्या ड्रॉपमधून अंधाऱ्या शाफ्टमध्ये स्पष्ट दिसतो. मजल्याच्या स्लॅबमधून वायर वळते ती जागा, केबल टायने करकचून बांधलेली जागा आणि तुमच्या दारावरचा कोपरा, या तीन ठिकाणी आधी बघा. घरात वापरायचा जी.६५७ए२ तंतू ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळण सहन करतो, ए१ असेल तर १० मिलिमीटर, आणि जुना जी.६५२डी असेल तर ३० मिलिमीटर. काटकोनात खिळा ठोकून नेलेली वायर यापैकी कशातच बसत नाही.

वायरीच्या टोकात डोळ्याने कधीही बघू नका. इंटरनेट वाहून नेणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांत जातो.

ओळंबा

नवीन ड्रॉपसाठी पाच दिवस थांबण्याआधी एवढे करून घ्या: टाय सैल करणे, कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढे गोल वळण देणे, निळी पिन कापून हिरवी लावणे. तासाभराचे काम आहे. पिन लावताना जागेवर दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर नको म्हणा. त्यात तंतू जेलमध्ये नुसता टेकवलेला असतो. पहिल्या दिवशी ठीक चालतो, पण वायर ओढली गेली किंवा धूळ शिरली की घट वाढत जाते. तयार पिगटेल (एका टोकाला पिन बसवलेला वायरीचा तुकडा) घेऊन फ्यूजन स्प्लायसिंग करायला सांगा, सांध्यावर हीट-श्रिंक नळी हवीच. मशीन रोज सगळ्यांकडे नसते, म्हणून भेटीची वेळ ठरवतानाच "स्प्लायसिंग मशीन घेऊन या" असे तक्रारीत लिहा.

तरीही नवीन वायर टाकावीच लागली तर डक्टबद्दल. जाम डक्ट म्हणजे बहुतेक वेळा २० किंवा २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये बंद पडलेल्या टीव्हीच्या जाड केबली. सेक्रेटरींच्या संमतीने केबलवाल्याकडून मृत केबली ओळखून घ्या आणि त्यातलीच एक ओढताना तिच्या शेपटाला नवी ड्रॉप बांधून आत घ्या. चपटी ड्रॉप साधारण २ × ३ मिलिमीटरची असते. बाहेरच्या ड्रॉपला चिकटलेली आधाराची पोलादी तार आत नेण्याआधी सोलून वेगळी करायची. ओढताना गाठ मजबुतीच्या दोन काड्यांना मारायची, तंतूला नाही. फ्रेंच चॉक लावली तर अडकत नाही. विजेच्या वायरींच्या पाइपमधून न्यायला नकार द्या, विशेषतः ड्रॉपमध्ये पोलादी तार असेल तर. घरात दोन-तीन मीटरचे सैल वेटोळे ठेवायला सांगा, म्हणजे पुढे पिन खराब झाली तरी पूर्ण वायर बदलावी लागत नाही.

सोसायटीचे पत्र मिळाले हे चांगले झाले. इतर वाचकांसाठी: नुसते 'परवानगी द्यावी' असे लिहिले की कमिटी पुढच्या मीटिंगवर ढकलते. वायर कोणत्या शाफ्टमधून जाणार, किती भोके पडणार (एक, १० ते १२ मिलिमीटर), भोक कोण बुजवणार, काम कोणत्या दिवशी किती वाजता आणि टेरेसची किल्ली लागणार का, एवढे अर्ध्या पानात लिहिले तर सेक्रेटरींना सही करायला सोपे जाते.

पागोळी

'पोर्ट फुल' बद्दल कुणी लिहिले नाही म्हणून. बहुतेक इमारतींत हे अर्धसत्य असते. ८ किंवा १६ पोर्टच्या डब्यात भाडेकरू सोडून गेलेल्या घरांच्या वायरी तशाच खोचलेल्या राहतात. खाते बंद, पण पोर्ट अडकलेले. कंपनीच्या कंट्रोल रूमला त्या स्प्लिटरवरचे कोणते ओएनटी महिनोन्‌महिने बंद आहेत ते दिसते. तक्रारीत "डब्याचा क्रमांक अमुक, बंद ओएनटींची यादी तपासून पोर्ट मोकळा करावा" असे लिहा. डब्याच्या दारावर क्रमांक असतो, फोटो काढा. स्वतः मात्र कुणाचीही पिन उपसू नका, चालू घराचे इंटरनेट बंद पडेल.

आता तक्रार बंद होण्याबद्दल. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी फोनवर कुणालाही देऊ नका. "आज टार्गेट आहे, ओटीपी द्या, उद्या येतो" असे म्हटले तरी नाही. त्या ओटीपीने काम कागदावर पूर्ण होते. घरी वेग तपासल्यावरच द्या.

ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट (नोंद) क्रमांक मिळायलाच हवा. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते, शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. अपिलात तिन्ही बंद तक्रारींचे क्रमांक, भेटींच्या तारखा आणि दोन्ही मीटर रीडिंग टाका. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यापुढे ग्राहक आयोग: सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क नाही, आणि दूरसंचार सेवेच्या तक्रारी आयोग ऐकू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आगाऊ भरलेल्या सहा महिन्यांची मुदत जोडणी सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजावी, अशी मागणी आजच ईमेलवर करून ठेवा.

कोकणवाडी

धाग्यातच विचारतो. रत्नागिरी तालुक्यात वाडीवर घर आहे, शेवटच्या खांबापासून २५० मीटर. "लांब आहे, सिग्नल येणार नाही" म्हणतात. खरे आहे का?

तारवाला

२५० मीटरने ०.१ डेसिबलही जात नाही, ते कारण चुकीचे आहे. अडचण खांबांची असते. साधी ड्रॉप दोन आधारांमध्ये ४०-५० मीटरपेक्षा जास्त ताणू नये, म्हणजे मध्ये चार-पाच आधार लागतील. झाडावर बांधू देऊ नका, वाऱ्यात फांदी हलते आणि तंतू तुटतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वतः उभे करायची तयारी दाखवलीत तर बहुतेक स्थानिक ऑपरेटर येतात. वीज पडण्याचा भाग आहे, म्हणून धातू नसलेली, एफआरपी (एक प्रकारचे मजबूत प्लास्टिक) काड्यांची ड्रॉप मागा. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला उतरते ठेवा, आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, आणि भोक सिलिकॉनने बुजवा.

नीरजा_डोंबिवली

तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबपाशी लाल ठिपका दिसला, टाय घट्ट होता. तो कापला, हिरवी पिगटेल स्प्लाइस केली. घरी आता −२०.३. लाल दिवा गेला, पण पॉन लुकलुकतोय. तंत्रज्ञ म्हणतात ओएनटी खराब आहे, बदलावा लागेल.

ओळंबा

उत्तम रीडिंग. ओएनटी बदलण्याआधी सिरियल क्रमांक तपासा. ओएनटीच्या खालच्या स्टिकरवर १२ चिन्हे असतात: पहिली ४ अक्षरे बनवणाऱ्या कंपनीची, पुढची ८ मध्ये फक्त ० ते ९ आणि ए ते एफ. फोनवर वाचून दाखवताना बी आणि ८, डी आणि शून्य यांची गल्लत होते. शेवटच्या ८ मध्ये ओ हे अक्षर येऊच शकत नाही. तिथे ओ टाइप केला असेल तर तीच चूक. स्टिकरचा फोटो पाठवून कंट्रोल रूमकडून तो क्रमांक पुन्हा भरून घ्या, आणि आधीच्या ग्राहकाच्या नावावर अडकला आहे का तेही विचारा.

नीरजा_डोंबिवली

आठऐवजी बी भरला होता. दहा मिनिटांत पॉन स्थिर झाला, इंटरनेट सुरू. ओटीपी अजून दिलेला नाही. प्लॅन २०० एमबीपीएसचा, लॅपटॉप वायरने जोडला तर ९४ च्या वर जात नाही. वाय-फायवर ५ गीगाहर्ट्झला १८० येतात.

तारवाला

वाय-फायवर १८० येतात म्हणजे लाइन ठीक आहे, ओटीपी द्यायला हरकत नाही. ९४ हा आकडा जोडणी १०० एमबीपीएसवर अडकल्याची खूण आहे. लॅन केबलमध्ये ८ तारा असतात, त्यातल्या ४ च जोडल्या असतील किंवा एक तुटली असेल तर असेच होते. ओएनटीच्या काही मॉडेलमध्ये एकच लॅन पोर्ट गीगाबिटचा असतो, बाकीचे १०० चे. आधी पोर्ट बदलून बघा. तरी ९४ च राहिले तर केबल बदला: कॅट ५ई, तयार क्रिंप केलेली, दोन्ही टोकांच्या पारदर्शक जॅकमध्ये आठही रंग दिसतात ना ते दुकानातच बघून घ्या.

आणि ओएनटीचा ॲडॉप्टर १२ व्होल्टचा आहे का ते बघा. असेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस चालतो. ॲडॉप्टरवर लिहिलेल्या ॲम्पियरपेक्षा कमीचा घेऊ नका. वीज गेली तरी एक्स्चेंज आणि ओएनटी यांच्या मध्ये विजेवर चालणारे काही नसते, त्यामुळे एक्स्चेंजची वीज चालू असेल तर इंटरनेटही चालू राहील.

नीरजा_डोंबिवली

पोर्ट बदलल्यावर वायरने २०६. ॲडॉप्टर १२ व्होल्ट, १ ॲम्पियर आहे. ओटीपी दिला, मुदतीचा ईमेल पाठवला. सगळ्यांचे मनापासून आभार.

पागोळी

ईमेलच्या उत्तरात मुदतीची नवी तारीख लिहून येईपर्यंत ती तक्रार बंद करायला होकार देऊ नका. आजच्या −२०.३ चा फोटोही जपून ठेवा, पुढे कधी वेग पडला तर त्याच्याशीच तुलना करायची आहे.