मदत हवी आहे: टायटल थ्रीच्या पात्रतेत आमचं कॉलेज बसत नाहीये, वेव्हर (अटीतून सूट) कसा मागायचा?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत कॉलेजच्या ग्रँट्सचं काम करणारं कोणी असेल तर प्लीज वाचा. मी एका छोट्या ग्रामीण कम्युनिटी कॉलेजात डेटाचं काम बघते, ग्रँटवाली बाई सोडून गेली आणि तिची फाईल माझ्या टेबलावर आली. १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टमधल्या टायटल थ्रीच्या, म्हणजे कमी साधनं आणि गरजू विद्यार्थी असलेल्या कॉलेजांना मिळणाऱ्या फेडरल (केंद्र सरकारच्या) मदतीसाठी दोन अटी आहेत, एक म्हणजे गरजू विद्यार्थ्यांचं प्रमाण आणि दुसरी म्हणजे दर विद्यार्थ्यामागे होणारा खर्च आपल्यासारख्या इतर कॉलेजांपेक्षा कमी असणं. आम्ही दोन्हीत अडकलोय.

आता गरजूंचं बघा. ५० टक्के विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित फेडरल मदत मिळत असायला हवी, नाहीतर पेल ग्रँटवाल्यांचं (गरीब घरातल्या मुलांना मिळणारी, परत न करायची फेडरल मदत) प्रमाण तरी आपल्या गटातल्या कॉलेजांच्या मधल्या आकड्यापेक्षा जास्त हवं. पण आमची कितीतरी मुलं फाफ्सा, म्हणजे या मदतीसाठीचा फेडरल अर्जच भरत नाहीत! परवा एक मुलगी आली, रात्रभर नर्सिंग होममध्ये ड्युटी केलेली, युनिफॉर्म तसाच अंगावर. फॉर्म भरायला बसली आणि वडिलांच्या संमतीपाशी अडकली, ते तिच्याशी बोलतच नाहीत. लॅपटॉप मिटला आणि आठच्या क्लासला गेली. ती आमच्या आकड्यात कुठेच येत नाही, आणि अशा खूप आहेत, याचंच मला फार वाईट वाटतं.

वेव्हरमध्ये ३० टक्के विद्यार्थी लो-इन्कम घरातले असल्याचा एक पर्याय आहे, पण ज्यांनी फाफ्साच भरला नाही त्यांचं उत्पन्न मी दाखवू कसं? आणि पात्र ठरलो नाही तर वर्क-स्टडीत (मुलांना कॉलेजातच पगारी काम देणारी फेडरल योजना) कॉलेजचा २५ टक्के वाटा आम्हालाच भरावा लागणार, म्हणजे लायब्ररीतल्या मुलांचे तास कमी होणार.

उत्तर १
ताई, मी दोनदा वेव्हर लिहिलाय. त्या ३० टक्क्यांच्याच मागे लागू नका, पर्याय बरेच आहेत आणि त्यातला एक नीट सिद्ध झाला तरी चालतं. तुमचं कॉलेज मेट्रो भागाच्या (मोठं शहर आणि त्याच्या उपनगरांच्या) बाहेर आहे का? आसपास दुसरं कॉलेज नसेल तर तो वेगळा पर्याय आहे. इंडियन रिझर्व्हेशनपासून (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या राखीव भागापासून) ५० मैलांच्या आत असलात तर अजून एक. लो-इन्कमच दाखवायचं असेल तर व्याख्या पक्की आहे, कुटुंबाचं करपात्र उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांच्या आत. आकडा कुठून आणला, किती जणांचा आणला हे स्पष्ट लिहा, नुसतं 'आमची मुलं गरीब आहेत' लिहून भागत नाही.

उत्तर २
खर्चाच्या अटीचं कोणी बोललंच नाही. तिचा वेव्हर वेगळा मागावा लागतो. विद्यार्थी कमी असणं, महागडा भाग, विजेचा-हीटिंगचा जास्त खर्च, अशी कारणं त्यात चालतात. छोट्या कॉलेजात विद्यार्थी घटले तरी बिल्डिंग तीच, बॉयलर तोच, मग भागाकार केला की आकडा फुगतोच. मागच्या काही वर्षांची हजेरीपटावरची संख्या आणि खर्च शेजारी-शेजारी मांडा, वाचणाऱ्याला पटकन कळतं.

मूळ धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार! आम्ही मेट्रोच्या बाहेरच आहोत आणि दुसरं कॉलेज पाऊण-एक तासावर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी नुसती उत्पन्नाच्या मागे धावत होते. बॉयलरचं बिल तर अकाउंट्सकडे पडलेलंच आहे. अजून एकच विचारते, एक तासावरचं कॉलेज असलं तरी आमच्या भागाला 'दुसऱ्या कॉलेजची सेवा नाही' असं म्हणता येतं का? आमच्याकडे बस नाही, गाडी नसलेल्या मुलाला तिथे रोज जाणं शक्यच नाही. हे वेव्हरमध्ये कोणी लिहिलं असेल तर कसं मांडलं तेवढं सांगा, उद्या सकाळी डीनबरोबर बसायचंय.