मदत हवी आहे: रूटकिटचा संशय, घरचा संगणक कसा तपासायचा?

दुपारचा_चहा
घरच्या संगणकात रूटकिट, म्हणजे विंडोजपासूनच स्वतःला लपवणारा घातक प्रोग्रॅम, असावं अशी शंका आहे. असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडीवर सी आणि डी ड्राइव्ह, शिवाय फोटोंसाठी वेगळी १ टीबी हार्ड डिस्क.

लक्षणं:
- काही चालू नसताना पंखा घोंघावतो. टास्क मॅनेजर उघडला की दोन-तीन सेकंदांत शांत. तो बंद केला की पुन्हा सुरू.
- विंडोज सिक्युरिटीत रिअल-टाइम प्रोटेक्शनचं बटण करडं पडलंय. सेटिंग ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात असल्याचं लिहून येतं. दुसरा अँटिव्हायरस टाकलेला नाही.
- दोन अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट्स उघडत नाहीत. त्याच वायफायवर मोबाईलवर उघडतात.
- फुल स्कॅनमध्ये काहीही सापडलं नाही.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'रजिस्ट्री' आणि 'सिक्युअर सिस्टिम' अशा दोन प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) आहेत, त्यांची फाइल कुठेच सापडत नाही. हेच रूटकिट का? फॉरमॅट न मारता खात्री कशी करायची?

उलटतपासणी
त्या दोन प्रोसेस विंडोजच्याच आहेत. कर्नल (विंडोजचा गाभा) त्या स्वतः तयार करतो, त्यांना डिस्कवर ईएक्सई (प्रोग्रॅमची फाइल) नसते. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता पंख्याचं. खरं कर्नल रूटकिट असतं तर टास्क मॅनेजर उघडल्यावर पंखा थांबला नसता. तुम्हाला फक्त नाव दिसलं नसतं. रूटकिटला काम थांबवायची गरजच नसते: टास्क मॅनेजर असो की स्कॅनर, सगळे यादी कर्नलकडेच मागतात आणि रूटकिट त्या यादीतून आपलं नाव गाळतं. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या ऑडिओ सीड्यांमधून हेच झालं होतं. 'डॉलर-सिस-डॉलर'ने सुरू होणारी प्रत्येक फाइल गायब. विंडोजतज्ज्ञ मार्क रसिनोविचने ते पकडलं ते विंडोजने दिलेली यादी आणि डिस्कवरची मूळ नोंद ताडून.

तुमच्याकडचं पाहुणं मात्र टास्क मॅनेजर दिसला की दबा धरून बसतं. ही कॉइन मायनरची (दुसऱ्याचा संगणक गुपचूप वापरून क्रिप्टोकरन्सी कमावणाऱ्या प्रोग्रॅमची) सवय. चालू प्रोसेसमध्ये टास्क मॅनेजरचं नाव दिसलं की तो थांबतो. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधला 'प्रोसेस एक्सप्लोरर' (टास्क मॅनेजरसारखाच, पण जास्त तपशील दाखवणारा) दुसऱ्या संगणकावर उतरवा, फाइलचं नाव बदलून 'हिशोब' वगैरे काहीतरी करा आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ऑप्शन्समध्ये 'व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स' (प्रोग्रॅमवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते दाखवतं) लावा, सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून पाच मिनिटं बघत बसा. काही मायनर खिडकीचं शीर्षकही तपासतात, त्यामुळे इथे काही दिसलं नाही म्हणून सुटलो असं नाही.

मग या चार जागा बघा:

होस्ट्स फाइल (कुठल्या साइटचा पत्ता कुठला हे इथे ठरवता येतं). विंडोज > सिस्टिम३२ > ड्रायव्हर्स > ईटीसी या फोल्डरमध्ये. मूळ फाइलीत सगळ्या ओळी हॅश चिन्हाने सुरू होतात. अँटिव्हायरसच्या साइटपुढे ०.०.०.० किंवा १२७.०.०.१ दिसलं तर ती मुद्दाम अडवलेली आहे, साइट न उघडण्याचं कोडं सुटलं.

डिफेंडरचे (विंडोजच्याच अँटिव्हायरसचे) एक्स्क्लूजन्स, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन > मॅनेज सेटिंग्ज, अगदी तळाशी. बहुतेक लोक इथे कधी डोकावतच नाहीत. स्कॅन 'स्वच्छ' येण्याचं कारण बरेचदा इथेच असतं.

रजिस्ट्री एडिटर. एचकेएलएम > सॉफ्टवेअर > पॉलिसीज > मायक्रोसॉफ्ट > विंडोज डिफेंडर. घरच्या संगणकाला कसला आलाय ॲडमिनिस्ट्रेटर? तिथे 'डिसेबल'ने सुरू होणाऱ्या आणि किंमत १ असलेल्या नोंदी कोणीतरी घातलेल्या असतात.

सिस्टिम इन्फर्मेशन. 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' काय आहे ते कळवा. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, सिक्युअर बूट म्हणजे सही नसलेलं काही सुरुवातीला चालू न देणारी सोय.

पेनड्राइव्हवाला
वरचं सगळं चालू विंडोजच्या आतून आहे. ज्याच्यावर संशय त्यालाच साक्षीला उभं करण्यासारखं. खात्रीसाठी बाहेरून बूट करावं (पेनड्राइव्हसारख्या दुसऱ्या साधनावरून संगणक सुरू करावा) लागेल.

सोपा मार्ग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. स्कॅन ऑप्शन्समध्ये शेवटचा पर्याय. संगणक रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात, निकाल नंतर प्रोटेक्शन हिस्टरीत दिसतो. दोन मिनिटांत परत डेस्कटॉप आला तर स्कॅन झालेलाच नाही. बहुधा रिकव्हरी एन्व्हायर्न्मेंट (दुरुस्तीसाठीचं छोटं वेगळं विंडोज) बंद असतं. पण पॉलिसीने डिफेंडरच बंद असेल तर या बटणावर विसंबू नका. दुसऱ्या स्वच्छ संगणकावर रेस्क्यू डिस्कचा (विंडोज सुरू न करता स्कॅन करणाऱ्या अँटिव्हायरसचा) पेनड्राइव्ह बनवा (कॅस्परस्की रेस्क्यू डिस्क चालेल) आणि बूट मेन्यूतून त्यावरून सुरू करा.

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. एक, विंडोज ११ होममध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर बाहेरून डिस्क वाचताच येत नाही, आणि सिक्युअर बूटला हात लावला तर पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. मोबाईलवरून. दोन, बाहेरून बूट केल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदलतात. तुमचा सी तिथे डी किंवा ई असू शकतो, चुकीच्या ड्राइव्हवर काही उडवू नका.

जुन्या लेखांत जीमर किंवा रूटकिटरिव्हीलर ही रूटकिट शोधणारी साधनं सुचवलेली दिसतील. दुसरं तर एक्सपीच्या ३२-बिट जमान्याचं. विंडोज ११ वर दोन्ही नकोत.

दुपारचा_चहा
धन्यवाद दोघांनाही. केलं.

होस्ट्समध्ये तीसेक ओळी भरलेल्या. एक्स्क्लूजन्समध्ये अख्खा सी ड्राइव्ह! बायोस मोड यूईएफआय (नव्या प्रकारचं बायोस), सिक्युअर बूट बंद. रेस्क्यू डिस्कने प्रोग्रॅमडेटातल्या एका फोल्डरमध्ये मायनर पकडला आणि सोबत 'विनरिंगझिरो' नावाची ड्रायव्हर फाइल होती. ड्रायव्हर म्हणजे कर्नल, मग हे रूटकिटच ना? आणि सापडलेलं डिलीट केलं म्हणजे झालं का?

उलटतपासणी
नाही, तो ड्रायव्हर रूटकिट नाही. पंख्याचा वेग आणि तापमान दाखवणाऱ्या कितीतरी साध्या प्रोग्रॅममध्ये तो असतो. एक्सएमरिग मायनर त्याच्यामार्फत सीपीयूची काही रजिस्टर्स (आतल्या सेटिंग्ज) बदलून मायनिंगचा वेग वाढवतो. त्यावर सही वैध आहे, पण त्यात जुनं भोक आहे: कुठलाही प्रोग्रॅम त्याच्यातून कर्नलपर्यंत पोचू शकतो. म्हणून 'सही आहे म्हणजे सुरक्षित' हे गणित ड्रायव्हरच्या बाबतीत चालत नाही.

सिक्युअर बूट बंद असणं हाही पुरावा नाही. असेंबल करणारे पुष्कळदा ते बंदच सोडतात.

मात्र मी डिलीटवर थांबणार नाही. ज्याने अख्खा सी ड्राइव्ह एक्स्क्लूजनमध्ये घातला त्याच्याकडे ॲडमिनचे अधिकार होते, आणि कर्नलकडे जाणारं दारही शेजारीच होतं. स्कॅनर सापडलेलं सांगतो, न सापडलेलं सांगत नाही. नव्याने विंडोज टाकायला दोन तास लागतील. शंका काढत बसलात तर आठवडा जाईल.

पेनड्राइव्हवाला
+१. 'रीसेट धिस पीसी' नको, सरळ नवीन इन्स्टॉल करा:

स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. बॅकअपमध्ये फक्त फोटो, कागदपत्रं, पीडीएफ. ईएक्सई, झिप, मॅक्रोवाल्या एक्सेल फाइली नकोत. संगणक बंद करून १ टीबी डिस्कची साटा केबल काढा. सेटअपमध्ये एसएसडीवरची सगळी पार्टिशनं उडवा, ती १०० एमबीची छोटी ईएफआयवालीसुद्धा. बूटकिट (विंडोजच्याही आधी सुरू होणारं रूटकिट) तिथेच बसतं. डी ड्राइव्ह त्याच एसएसडीवर आहे, तोही जाणार हे लक्षात ठेवा. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू, विंडोज अपडेट पूर्ण, कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी (कर्नलमधली घुसखोरी रोखणारी सोय) चालू.

बायोसमध्ये घर करणारी रूटकिटं असतात (२०१८ चं लोजॅक्स डिस्क बदलली तरी टिकायचं), पण मायनरवाले तेवढे कष्ट घेत नाहीत. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करून घ्या, पुरे.

पासवर्ड आजच मोबाईलवरून बदला. आधी ईमेल, मग बँक. प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' दाबा, कारण ब्राउझरची कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद) चोरीला गेली असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) वर फोन.

दुपारचा_चहा
आज रात्री बसतो. विंडोजची की मागेल का? आणि ती १ टीबी डिस्क परत कधी लावू?

उलटतपासणी
मूळ परवाना खरा असेल तर तो मदरबोर्डशी जोडलेला असतो. सेटअपमध्ये 'की नाही' निवडा, तीच आवृत्ती टाका, नेटला जोडल्यावर ॲक्टिव्हेट होईल. ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारं चोरटं साधन) वापरून चालू केलेला असेल तर होणार नाही, आणि मग मायनर कुठून आला याचंही उत्तर मिळेल. टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरची सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रॅमला बदलू न देणारी सोय) बंद करायला सांगणारी सूचना बहुतेक त्या ॲक्टिव्हेटरच्याच सोबत असते.

१ टीबी डिस्क अपडेट्स संपल्यावर लावा. काहीही उघडण्याआधी डिफेंडरचा कस्टम स्कॅन त्या अख्ख्या डिस्कवर चालवा, आणि त्याआधी एक्स्क्लूजन्स रिकामे आहेत ना ते बघून घ्या. जुन्या सेटअपच्या झिप फाइली तिथेच पडलेल्या असणार, त्या आधी उडवा.